बसच्या मांडीवर सायकल

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी स्टँड आहे. सायकली लावायचा स्टँड म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर शाळेमागची भिंत येईल, पण मी जमिनीवर उभा नाही. मी उपनगरातल्या एका बसच्या पुढच्या अंगाला, मोठ्या काचेच्या खाली बसवलेला आहे. माझ्यावर दोन सायकली मावतात. काम नसलं की मला वर दुमडून ठेवतात आणि सायकल आली की खाली ओढतात. डेपोच्या कागदांत माझं नाव भलतंच लांबलचक आहे. प्रवासी मात्र मला 'मांडी' म्हणतात, कारण बस सायकलीला मांडीवर घेऊन जाते. मला हे नाव आवडतं.

माझा जन्म डेपोच्या वर्कशॉपमध्ये झाला. भंगारात निघालेल्या बसमधले, उभ्या प्रवाशांनी धरायचे दांडे वेल्डरदादांनी कापले, वाकवले आणि जोडले. ठिणग्या उडत होत्या आणि दादा चष्म्याआडून मला बजावत होते, "नीट जुळून ये बाबा, नाहीतर लोक मला नावं ठेवतील." मी नीट जुळून आलो. त्यांचा हात फार चांगला होता. आजवर माझा एकही सांधा उकललेला नाही.

माझ्या जन्माला कारण झाला तो पूल. आमचं उपनगर नदीच्या अलीकडे आणि जुनी दाट वस्ती पलीकडे. मधला पूल बांधताना ट्रकांचा विचार झाला, मोटारींचा झाला, सायकलींचा कुणाला सुचलाच नाही. दोघं-चौघं पडले, तेव्हा सायकलींना बंदी असल्याची पाटी लागली. पाटी लावणं सोपं असतं. पण लोकांना कामाला तर पलीकडे जायचंच होतं.

त्या लोकांमध्ये एक सिस्टर होती. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन ती जखमा धुवायची, पट्ट्या बदलायची, इंजेक्शनं द्यायची. तिचे पेशंट राहायचे पलीकडच्या अरुंद गल्ल्यांत, जिथे बस शिरत नाही. सायकलीशिवाय तिचं काम होण्यासारखं नव्हतं. पलीकडे दुसरी सायकल ठेवून पाहिली, तर आधी तिची सीट गेली, मग पुढचं चाक गेलं आणि शेवटी नुसतं कुलूप उरलं. मग ती सायकल हातात धरून पुलाच्या कडेने चालत जायची. शेजारून ट्रक गेला की वाऱ्याने सायकलीसकट हेलपाटायची. तिने डेपोत इतके खेटे घातले, की शेवटी डेपोचे साहेब वेल्डरदादांना म्हणाले, "काहीतरी करून द्या हो हिला. मला सुखाने चहा पिऊ देत नाही."

आमच्या बसच्या ड्रायव्हरांना सगळे मामा म्हणत. मला पाहिलं तेव्हा त्यांनी नाक मुरडलं. "माझ्या गाडीचं थोबाड बिघडवलं," असं ते दिवसभर सगळ्यांना सांगत होते. मी तर घाबरून गेलो होतो. पहिल्यांदा पुलावर चढलो तेव्हा समोरून येणारा प्रत्येक ट्रक माझ्याच अंगावर येतोय असं वाटलं. बसच्या सगळ्यात पुढे मी. कुठे धडक झाली असती तर पहिला नंबर माझाच. पण मामांनी इतकी जपून गाडी नेली, की पूल संपेपर्यंत माझ्यावरच्या सायकलीची घंटासुद्धा वाजली नाही. त्यांची बडबड सोडली तर त्यांच्यासारखा माणूस मिळायचा नाही.

मग माझे कामाचे दिवस सुरू झाले. माळीबुवांची सायकल यायची ती चिखलाने माखलेली, दांड्याला गोणपाटात गुंडाळलेली कात्री. गाणं शिकवणाऱ्या बाईंची सायकल अशी लख्ख, की तिच्या शेजारी मला माझ्या गंजाची लाज वाटायची. सिस्टरच्या सायकलीचा रंग कधीकाळी हिरवा असावा. कॅरिअरवर पत्र्याची पेटी, तिच्यात कापूस, पट्ट्या, मलम. साखळी अशी करकरायची, की वळणापलीकडूनच कळायचं, सिस्टर आली.

आमची एक रीत ठरली होती. ज्याची सायकल असेल त्याने पुढच्या दाराने उतरायचं, सायकल काढायची, बाजूला व्हायचं आणि मामांकडे बघून हात वर करायचा. हात वर झाला की मामा बस सोडत. तोवर सगळ्यांनी थांबायचं.

हे थांबणं एका मावशींना मुळीच पटत नसे. त्या शिवणकामाच्या कारखान्यात कामाला होत्या. दाराजवळची पहिली सीट जणू त्यांनी नावावर करून घेतली होती. सायकल उतरायला लागली की त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. "एका सायकलीपायी बसभर माणसं ताटकळत ठेवायची. आमचा मुकादम काय मांडीवर घेऊन बसणारे आम्हाला?" सगळे हसायचे. मामाही हसायचे, पण बस सोडायचे नाहीत.

सिस्टर पुलावर मामांशी बोलायची आणि तिचं बोलणं सगळी बस ऐकायची. बहुतेक वेळा विषय आजोबांचा असे. हे आजोबा तिचे पेशंट. आयुष्यभर शाळेत कवायत शिकवलेला माणूस, आणि आता पायाची जखम भरत नव्हती म्हणून खाटेवर पडून. पाय कापावा लागेल की काय, अशी डॉक्टरांना शंका होती. रोज सकाळी वेळेवर जखम धुऊन पट्टी बदलली, एकही दिवस चुकवला नाही, तरच आशा होती. "आज जखम जरा कोरडी दिसतेय मामा," ती सांगायची. किंवा मग, "आज चिडलेत. म्हणाले, कापा एकदाचा आणि सोडवा मला." अशा दिवशी मावशीसुद्धा सायकल उतरताना कुरकुरायच्या नाहीत.

आणि एका सकाळी सिस्टर बसमध्ये चढली तीच हसत. "मामा, डॉक्टर म्हणाले पाय वाचेल! अजून काही आठवडे पट्टीत खाडा नाही झाला, तर आजोबा चालायला लागतील. त्यांना अजून माहीत नाही. मीच जाऊन सांगणार." पूल कधी संपला ते कुणाला कळलं नाही. तिचा स्टॉप आला, ती टुणकन उतरली, फुटपाथवर जाऊन वळली आणि आनंदाने मामांना हात केला.

वर झालेला हात पाहून मामांनी बस सोडली.

सायकल माझ्यावरच होती! शेजारी माळीबुवांची सायकल असल्यामुळे काचेतून मामांना नुसती हँडलं दिसत होती, त्यांना शंका आली नाही. मला मात्र वजन कळत होतं. मला ओरडता आलं असतं तर मी आकाशपाताळ एक केलं असतं. सिस्टरच्या लक्षात आलं तेव्हा ती भर रस्त्यातून बसमागे धावत सुटली. मागून येणाऱ्या मोटारीने करकचून ब्रेक लावला. सिस्टर पडली, गुडघा फुटला. पुढच्या स्टॉपवर माळीबुवा उतरले आणि त्यांनी कपाळावर हात मारला. "मामा, सिस्टरची सायकल इथंच की!" मामांचा चेहरा पांढराफटक पडला. माळीबुवांनी आपली सायकल तिथेच खांबाला बांधली आणि सिस्टरची सायकल दामटत मागे नेली. आजोबांची पट्टी झाली, पण उशिरा आणि लंगडत आलेल्या सिस्टरच्या हातून.

मोटारवाल्याने तक्रार केली. डेपोचे साहेब वाईट नव्हते, पण घाबरले. "आज गुडघ्यावर निभावलं. उद्या कुणी चाकाखाली आलं तर? तो स्टँड काढून टाका." वेल्डरदादांनीच माझे बोल्ट सोडवले. मग माझ्यावर एक जुनं पोतं नीट पसरून टाकलं.

मित्रांनो, मी साहेबांच्या ऑफिसमागच्या शेडमध्ये, फाटक्या टायरांच्या मागे पडून राहिलो. गंज चढला, कोळ्यांनी जाळी विणली. मामा अधूनमधून जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन तिथे येऊन बसायचे. "तुझी आठवण येते म्हणून आलोय असं समजू नकोस," ते मला म्हणायचे. "इथं सावली आहे." मग सगळी खबर सांगायचे. सिस्टर पुन्हा पुलावरून सायकल ढकलत जाते. आजोबांकडे वेळेत पोचते, पण त्यासाठी लांबच्या गल्लीतल्या पेशंटांना तिन्हीसांजेपर्यंत थांबावं लागतं. परवा एका ट्रकने तिची पेटी उडवली. तिची आई रडून म्हणाली, सोड ही नोकरी. "आणि तिने सोडली तर म्हाताऱ्याचा पाय गेला बघ," मामा म्हणाले आणि अर्धा डबा तसाच झाकून उठले.

एक दिवस भिंतीपलीकडून ओळखीचा आवाज आला. मावशी! मला वाटलं, आता ही बाई पेढे वाटायला आली असणार.

"साहेब, ती मांडी परत लावा," मावशी म्हणाल्या.

"अहो, तुम्हीच तर उशीर होतो म्हणून रोज भांडायचात."

"भांडायचे. अजून भांडेन. म्हणून काय पोरीने ट्रकखाली जायचं? सायकल विसरते ना? मी पहिल्या सीटवर बसते. ज्याचा स्टॉप येईल त्याला मी ओरडून सांगेन, सायकल! माझा आवाज ऐकलाय ना तुम्ही?"

"तो आत्ताही सगळा डेपो ऐकतोय," साहेब म्हणाले. "पण ज्या दिवशी तुम्ही नसाल?"

"पहिल्या सीटवर जो बसेल त्याने ओरडायचं. सीट हवी तर काम करा. आणि ते हात वर करणं बंद. सायकल काढली की बसच्या अंगावर दोन थापा मारायच्या. आनंदाने कुणी बसला थापा मारत नाही."

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "मी स्वतः येऊन बघतो. जमलं नाही तर कायमचं बंद."

वेल्डरदादांनी मला घासून पुसून रंग दिला. पुन्हा बसवलं तेव्हा मामांनी फडक्याने मला असं पुसलं, जसं काही ते माझं नव्हे, बसचंच अंग पुसत होते. मी त्यांना ओळखून आहे.

सकाळी साहेब बसमध्ये चढले. गर्दी होती. मावशींनी उठून त्यांना पहिली सीट दिली आणि स्वतः मागे जाऊन उभ्या राहिल्या. सिस्टरची सायकल माझ्यावर होती. पूल संपला, तिचा स्टॉप आला. ती उठून दाराकडे निघाली. सगळी बस साहेबांकडे बघत होती. साहेब खिडकीतून बाहेर बघत होते.

"साहेब," मावशी मागून म्हणाल्या, "सीट गरम करायला दिली नव्हती."

साहेब दचकले आणि केवढ्याने तरी ओरडले, "सायकल!" आवाज इतका चिरका लागला, की बसभर हशा पिकला. सिस्टर हसत उतरली, सायकल काढली, बाजूला झाली. दोन थापा पडल्या. त्या थापांनी मला जे सुख दिलं, ते मला सांगता येणार नाही. साहेबांनी घड्याळ पाहिलं, मग मावशींकडे पाहिलं. "राहू दे," एवढंच म्हणाले. त्यानंतर माझे बोल्ट कुणी सोडवले नाहीत.

पट्टीत खाडा झाला नाही. काही आठवड्यांनी एका सकाळी सिस्टर तिच्या स्टॉपवर उतरली तर तिथे काठी टेकून एक उंच, वाळलेले म्हातारे गृहस्थ उभे होते. सिस्टर तोंडावर हात ठेवून बघतच राहिली. "आजोबा! इथपर्यंत चालत?" आजोबा हळूहळू बसच्या पुढे आले, वाकले आणि माझ्या दांड्यावर हात ठेवून उभे राहिले. दोन्ही पाय घट्ट रोवलेले होते.

"हीच का ती मांडी?" त्यांनी विचारलं. सिस्टरने मान हलवली.

मामांनी इंजिन बंद केलं. मागे कुणीतरी घड्याळाबद्दल काहीतरी पुटपुटलं. तेवढ्यात पहिल्या सीटवरून मावशींचा आवाज आला. "मामा, होऊ द्या त्यांचं सावकाश. घाई कुणाला आहे?"

मित्रांनो, मी लोखंडाचा आहे. मला फक्त वजन पेलता येतं. ज्यांनी मला घडवलं, पुसलं, माझ्यासाठी भांडण केलं आणि जे माझ्यासाठी थांबले, त्यांचे उपकार मी कसे फेडणार? म्हणून तुमच्याकडे एवढंच मागतो. माझ्यासारखा स्टँड कुठे दिसला तर त्याला लाथ मारून दुमडू नका, हाताने दुमडा. आणि तुमची बस कधी एखाद्या सायकलीसाठी थांबली, तर घड्याळ बघण्याआधी खिडकीतून बाहेर बघा. ती सायकल घेऊन कुणी कुणाकडे निघालंय, ते तुम्हाला माहीत नसतं.