विसरलेली ट्यूब

फाटकन आवाज आला आणि जोवीच्या मागच्या चाकातून पांढरा चीक पिचकारीसारखा उडाला. उतारावर पुढे गेलेला अनसेल्मो, तिचा बाप, सायकल तिथेच आडवी टाकून धापा टाकत वर आला. धारदार दगडाने टायरची कड कापली होती, चांगली बोटाच्या पेराएवढी.

"चाक फिरव, फिरव! भोक खाली येऊ दे," तो ओरडला. या टायरात ट्यूब नसतेच, आतला चीकच भोकं बुजवतो. पण बुजवून बुजवून बिचारा किती बुजवणार? त्यानेही हात टेकले. मग अनसेल्मोने भोकात रबराची वात खुपसली, तिच्या शेजारी दुसरी खुपसली, हवा भरली. जोवी जरा पुढे जाते न जाते तोच दोन्ही वाती फुस्स करून बाहेर.

"झालं कल्याण!" जोवी म्हणाली. "आता आत ट्यूबच घालावी लागणार. माझी मी धाकट्या भावाला देऊन टाकली. तुमची काढा, तातांग," ती बापाकडे वळली.

"माझी? नाहीये. घरी राहिली. काल पिशवी साफ करताना काढली, मग ते डुक्कर आणायला गेलो, मग तुझी मावशी आली, मग..."

खोटं बोलायची सवय नसली की माणूस असाच पाल्हाळ लावतो. ट्यूब त्याच्या पिशवीत, रेनकोटाखाली, जुन्या मोज्यात गुंडाळलेली, वर्षानुवर्षं असते तिथेच होती.

जोवीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. "बरं. चला मग पायी."

संध्याकाळच्या बसने ती मनिलाला आणि तिथून तैवानला निघणार होती, तीन वर्षांसाठी, परक्या म्हाताऱ्यांची सेवा करायला. घर पाहुण्यांनी भरलेलं, अंगणात डुक्कर शिजतंय, आणि जो तो तिला काही ना काही उपदेश करतोय. बापालाही तिला एकच गोष्ट सांगायची होती, पण ती चारचौघांत सांगण्यासारखी नव्हती. म्हणून तर सकाळीच दोघं सायकली घेऊन डोंगरावर आले. पण उपयोग काय? सायकलवर एक पुढे, एक मागे, आणि उतार संपला की घर. चालत गेलं तर दुपार तरी हाताशी होती. दुसरी वात सुटली तेव्हा त्याने तोंडाने "अरेरे" केलं खरं, पण मनातून त्याला हायसं वाटलं आणि लगेच स्वतःची लाजही वाटली. पोरीला उन्हातान्हात तंगडतोड करायला लावतोय, हा कसला बाप!

पाइनच्या रानातून दोघं शेजारी शेजारी चालू लागले. तो कोबीवरच्या किडीबद्दल बोलला. मग पाण्याच्या पाइपाबद्दल. मग परत किडीबद्दल. खरी गोष्ट मात्र राहूनच जायची.

तेवढ्यात मागून सायकलवर डेल्फिन सुसाट आला. खालच्या गावचा, भाजीचा ट्रक चालवणारा. ब्रेक दाबून थांबला.

"काय मनोंग अनसेल्मो, काय दादा, लेक जाऊ नये म्हणून चालवून चालवून दमवताय होय? टायर गेलाय? ही घ्या माझी ट्यूब, त्यात काय!"

अनसेल्मो त्या ट्यूबकडे बघत राहिला. आता नाही तरी कसं म्हणायचं?

जोवीने ट्यूब हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली. "नको अंकल, लहान मापाची आहे. माझं चाक मोठं. नाही बसायची."

"अगं, ओढूनताणून..." डेल्फिन सांगायला लागला, पण तिच्या तोंडाकडे पाहून थांबला. "बरं बरं, या सावकाश," म्हणाला आणि निघून गेला.

अनसेल्मोने चमकून तिच्याकडे पाहिलं. लहान ट्यूब ताणून मोठ्या चाकात घालता येते, घरापर्यंत खुशाल पोचवते. तिला हे त्यानेच शिकवलं होतं.

"विसरलीस?" त्याने हळूच विचारलं.

"तुम्ही ट्यूब विसरता, मग मी एवढंसं विसरू नये?" ती हसली, पण डोळे भरून आले होते. "किडीचं पुरे झालं आता, तातांग. बोला."

त्याने हँडल घट्ट धरलं. "तिथं नाही जमलं तर परत ये. लोक काय म्हणतील, घरचं कसं होईल, काही बघू नकोस. नुसती ये. बाकीचं माझ्यावर सोड."

जोवीने बाहीने नाक पुसलं. फटफटणारी सायकल दोन पावलं पुढे ढकलली.

"आणि जमलं तर?"

याचा विचार त्याने केलाच नव्हता. जमलं की पोरी तिकडच्याच होतात, असं सगळं गाव म्हणत होतं.

"जमलं तरी ये गं," तो म्हणाला, आणि भर वाटेत उभा राहून रडला.