तांदळाचा नंबर

नीलकंठने पिशवीतून डिझेलच्या नळीचा तुकडा काढला आणि धर्मपालच्या चहाच्या ग्लासाशेजारी ठेवला. तुकडा बोटभर लांब होता आणि त्याचं टोक ब्लेडने कापावं तसं साफ होतं. टपरीवरच्या सगळ्यांनी आधी तुकड्याकडे पाहिलं, मग धर्मपालकडे. धर्मपालने चहात डिझेल पडू नये म्हणून ग्लास थोडा बाजूला सरकवला.

"ही तिसरी वेळ," नीलकंठ म्हणाला. "आता तरी बोल. माझी गाडी काहून बिघडवून राहिला तू?"

धर्मपालने उरलेला चहा संपवला, ग्लास पालथा ठेवला आणि तो आपल्या गाडीकडे निघून गेला. नीलकंठचा पारा आणखी चढला. तसा तो भला माणूस, पण एखादी गोष्ट डोक्यात बसली की मग दुसरीला तिथे जागा नसायची.

रायपूरच्या भनपुरीतल्या या ट्रक मालकांच्या संघटनेत सारा कारभार नंबरावर चाले. जी गाडी आधी येऊन रांगेत लागेल तिला आधी माल. नंबर पुकारला आणि गाडी जागची हलली नाही, तर तो माल मागच्या गाडीला जाई. नीलकंठची गाडी तीनदा ऐन पुकाऱ्याला सुरूच झाली नव्हती. एकदा बॅटरीची वायर तुटलेली, एकदा सेल्फ-स्टार्टरची, आणि आता ही नळी. तिन्ही वेळा मागची गाडी धर्मपालची होती. तिन्ही वेळा माल होता शहरातल्या गोदामातला तांदूळ, थेट जगदलपूरपर्यंतचा, ज्याच्यासाठी सगळेच टपलेले असत. आणखी पुरावा कशाला हवा, असं नीलकंठचं म्हणणं होतं, आणि बाकीच्या मालकांनाही ते पटत चाललं होतं. रांग तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती.

नीलकंठची ती गाडी बाबाराव चालवत. गोंदियाकडचा हा माणूस नीलकंठच्या वडिलांच्या काळापासून घरात होता. वडील, नरहरराव, अचानक गेले तेव्हा नीलकंठ कॉलेजात होता आणि त्याला गाडीचं पुढचं चाक कोणतं आणि मागचं कोणतं एवढंच कळत होतं. तेव्हा बाबारावांनी एकट्याने धंदा ओढला. तात्यापारा वस्तीतल्या नीलकंठच्या घरातली चूल त्यांच्या स्टिअरिंगवर पेटत होती, असं नीलकंठ उघड सांगे. पाहुण्यांसमोर सांगे, बायकोला सांगे, खुद्द बाबारावांनाही सांगे. ते अशा वेळी खाली मान घालून टोपी नीट करत.

नळी कापली गेली त्याच आठवड्यात नीलकंठने संघटनेची सभा बोलावली. शेडमध्ये पुढे मालक बसले, मागे ड्रायव्हर उभे राहिले. नीलकंठने तुकडा सगळ्यांच्या हातांतून फिरवला. शेवटचा माणूस तो हुंगून परत देतो न देतो तोच धर्मपाल उठला. त्याने एकवार मागे उभ्या असलेल्या ड्रायव्हरांकडे पाहिलं आणि म्हणाला,

"मीच केलं."

एवढंच बोलून तो खाली बसला. कशासाठी केलं, कसं केलं, हे कोणी फारसं विचारलं नाही, कारण ते सगळ्यांना ठाऊकच होतं. महिनाभर धर्मपालच्या एकाही गाडीला नंबर द्यायचा नाही, असं ठरलं. नीलकंठ जिंकला होता. घरी जाताना त्याने बाबारावांना रविवारी जेवायचं आमंत्रण दिलं. तुमच्या गाडीवरचं संकट टळलं काका, असं तो म्हणाला. बाबाराव यायला तयार नव्हते. नीलकंठने त्यांना नाही म्हणूच दिलं नाही.

रविवारी दिवेलागणीला ते आले. यामिनीने, नीलकंठच्या बायकोने, ओसरीवर पाट मांडले होते. मुनग्याची, म्हणजे शेवग्याच्या शेंगांची कढी, वांग्याची भाजी आणि पोळ्या असा बेत होता. ओसरीवरचा दिवा नेहमीसारखाच मंद होता. नीलकंठ मोठ्या खुशीत धर्मपालची जिरवल्याची हकिकत पुन्हा सांगत होता. बाबाराव मान खाली घालून ऐकत होते. त्यांचा हात ताटात कढीची वाटी शोधत आधी मिठाला लागला, मग पाटाच्या कडेला. यामिनीने पाण्याचा पेला पुढे केला. बाबारावांनी हात पुढे केला तो पेल्याच्या बाजूने रिकाम्या हवेत गेला. तिने पेला त्यांच्या बोटांत दिला.

मग ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, जरा आत या."

आत तिने त्याला दोन वाक्यांत सांगितलं. काकांना दिसत नाहीये. आणि तुमच्या शत्रूने तीनदा गाडी बंद पाडली, पण ब्रेकला एकदाही हात लावला नाही, हे तुम्हाला खटकलं नाही का?

नीलकंठ बाहेर येऊन बाबारावांसमोर जमिनीवरच बसला. त्याला विचारावं लागलं नाही. त्याचं तसं बसणंच पुरे झालं.

"दिवस मावळला का मले सारं धुरकट दिसते, भैया," बाबाराव म्हणाले. "समोरून गाडी आली का नुसता उजेड. रस्ताच नाही दिसत."

मग ते हळूहळू सगळं बोलले. दिवसा त्यांना कसलीच अडचण नव्हती. सिलतऱ्याच्या कारखान्यांचा माल सकाळी निघे आणि ते तो आरामात पोचवत. तांदूळही पूर्वी दुपारीच भरला जाई. पण रायपूर राजधानी झालं, मंत्र्यांच्या मोटारी वाढल्या, आणि शहरात ट्रकना दिवसा नो-एंट्री लागली. तेव्हापासून गोदामातला तांदूळ अंधार पडल्यावरच निघू लागला. जगदलपूरच्या वाटेवर केशकालच्या घाटात एकदा गाडी कड्याच्या तोंडाशी जाऊन थांबली होती. ती कशी थांबली, हे त्यांना अजूनही माहीत नव्हतं. त्यानंतर तांदळाचा नंबर आला की ते दुपारीच काहीतरी कापून ठेवत.

"मले सांगायचं ना काका."

"दोनदा सांगितलं, भैया. आता उतरतो म्हणलं. तुम्ही म्हणले, तुम्ही उतरले तर मी गाडीच विकून टाकतो. चार लोकांसमोर म्हणले. मग मी काय बोलू?"

नीलकंठला ते आठवलं. तो तसं म्हणाला होता, मोठ्या प्रेमाने म्हणाला होता, आणि लोकांनी मानाही डोलावल्या होत्या. घाटातला तो कडा त्याच्या डोळ्यांसमोर आला. बाबाराव समोर जिवंत बसले होते, भरल्या ताटापुढे, हातात पेला धरून. नीलकंठच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्याने पुसलंही नाही. कापलेल्या त्या नळीचे आणि वायरींचे उपकार कसे मानायचे, हे त्याला कळत नव्हतं.

"आणि धर्मपाल?" यामिनीने विचारलं.

"तो माझा क्लीनर होता, सूनबाई. माझ्याच हाताखाली शिकला. त्यानं ओळखलं असन. सभेत मी पाय उचललाच होता. तो माझ्या आधी उठला. उद्या मी सगळ्यांसमोर सांगतो."

नीलकंठने त्यांना थांबवलं. स्वतःच्या मालकाची गाडी बिघडवणारा ड्रायव्हर म्हटल्यावर पुढे काय होतं, हे तिघांनाही माहीत होतं. भनपुरीत बाबारावांच्या पाया पडणारी निम्मी माणसं उद्यापासून तोंड फिरवून गेली असती. पण गप्प बसावं, तर धर्मपालच्या गाड्या विनाकारण महिनाभर उभ्या राहणार होत्या.

सकाळी नीलकंठ धर्मपालकडे गेला. वाटेत त्याने माफीची बरीच वाक्यं जुळवली होती, पण उभी असलेली गाडी धूत असलेला धर्मपाल दिसला आणि त्यातलं एकही कामाला आलं नाही. मले माफ कर, एवढंच तो म्हणाला.

धर्मपालने पाण्याचा पाइप खाली टाकला. "उस्तादचं नाव निघालं का कुठं?"

"नाही."

"मग झालं."

नीलकंठने विचारलं की एवढा आळ अंगावर कशाला घेतला. धर्मपाल म्हणाला की ट्रकच्या धंद्यात क्लीनर मालक झाला तरी उस्तादची चूक आपल्या तोंडाने सांगत नाही. तसा रिवाजच आहे. मग नीलकंठने दुसरा प्रश्न विचारला. हरवेळी तुझीच गाडी मागे कशी?

"उस्तादच्या पुढं गाडी लावत नाही मी, भैया," धर्मपाल म्हणाला. "त्यांची गाडी रांगेत लागली का मगच माझी लावतो. शिकलो तेव्हापासून असंच आहे."

नीलकंठने एवढे दिवस ज्याला पुरावा म्हटलं होतं तो हा होता. आपल्या एका माणसाला एवढी माया लावणारं कोणीतरी आपल्याच रांगेत होतं, आणि आपण त्याच्या चहाशेजारी नळीचा तुकडा ठेवून आलो, याची त्याला लाज वाटली. पण लाजेपेक्षाही त्याचं मन भरून आलं होतं. त्याच दुपारी त्याने पुन्हा सभा बोलावली.

शेडमध्ये गर्दी झाली. नीलकंठ उभा राहिला आणि म्हणाला की धर्मपाल निर्दोष आहे. आपली गाडी उंदरांनी कुरतडली. तांदूळ वाहणारी गाडी, उंदीर येणारच.

आधी कोणाला काही समजलंच नाही. मग एकाने विचारलं की उंदीर ब्लेड घेऊन आला होता का. शेड हास्याने दणाणली. तो तुकडा नीलकंठनेच सगळ्यांच्या हाती दिला होता, त्यामुळे आता त्याला बोलायला जागा नव्हती. रायपूरचे उंदीर राजधानीचे आहेत, त्यांचे दात साफ असणारच, असं कोणीतरी म्हणालं आणि पुन्हा हशा पिकला. अध्यक्षांनी धर्मपालला विचारलं की मग तू कबूल कशाला केलंस.

"भैया लई तापले होते," धर्मपाल म्हणाला. "म्हणलं, शांत होतील."

धर्मपालवर खोटा आळ घेतल्याबद्दल नीलकंठच्या गाडीचा नंबर महिनाभर बंद झाला. तात्यापाऱ्यातल्या त्या जुन्या, मानी घराण्याचं नाव पुढे कित्येक वर्षं भनपुरीत उंदीरवाले असंच राहणार होतं. नीलकंठ हसणाऱ्यांच्या मधोमध उभा होता. मागे भिंतीला टेकलेले बाबाराव त्याच्याकडे पाहत होते. दुपारचं ऊन होतं, त्यांना सगळं स्वच्छ दिसत होतं.

सभा उठल्यावर धर्मपाल नीलकंठजवळ आला. त्याला तांदळाचा नंबर मिळाला होता आणि तो स्वतःच गाडी नेणार होता. पण त्याला हवं होतं ते दुसरंच. त्याच्याकडे तीन नवे ड्रायव्हर शिकत होते. भनपुरीत, दिवसाउजेडी, त्यांच्याशेजारी बसून शिकवणारा माणूस त्याला पाहिजे होता.

"उस्ताद मले द्या, भैया."

आजवर कोणी बाबारावांना मागितलं असतं तर नीलकंठ हातघाईवर आला असता. त्याने बाबारावांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली नव्हती आणि टोपीही नीट केली नव्हती. यामिनी बुधवारी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणार आहे, तेवढा दिवस सोड, असं नीलकंठने धर्मपालला बजावलं. मग तो बाबारावांना म्हणाला,

"जा काका. उतरा आता माझ्या गाडीवरून."

संध्याकाळी नो-एंट्री उठायच्या वेळेला धर्मपालची गाडी गोदामाकडे निघायला उभी राहिली. तांदूळ पोचवून बुधवारच्या आत परत येतो, तोवर उस्ताद माझ्यासोबत राहू द्या, घाट त्यांच्याशिवाय कंटाळवाणा होतो, असं तो म्हणाला होता. उजेड आता सरत आला होता. धर्मपालने बाबारावांचा हात धरून त्यांना डाव्या बाजूला नेलं, पायरीवर त्यांचा पाय ठेवून दिला आणि ते नीट बसल्यावर दार लावलं. मग तो वळसा घालून आला आणि स्टिअरिंगवर बसला. नीलकंठ खाली उभा होता. धर्मपालने चावीला हात लावला आणि तो थांबला.

"उस्ताद, निघू का?"

बाबाराव समोर पाहत होते, जिथे आता त्यांना काहीही दिसत नव्हतं. ते "हव" म्हणेपर्यंत धर्मपालने चावी फिरवली नाही.