पिनकसाहेबांच्या इमारतीचं उसनं वय

मित्रांनो, मी एक जुनी इमारत आहे. किती जुनी, असं मात्र लगेच विचारू नका. त्या एका प्रश्नानं माझ्या जन्माचा जेवढा घोळ केला, तेवढा लढाईतल्या बाँबनीसुद्धा केला नाही. बसा निवांत. सगळं सांगते, आणि खरं तेच सांगते. खोटं बोलायची हौस माझी कधीच फिटली आहे.

मी इंग्लंडातल्या एल्मरबरी गावात, भर बाजारपेठेत उभी आहे. समोरून पाहाल तर पाहतच राहाल. पांढराशुभ्र गिलावा, त्यावर काळ्याभोर लाकडाच्या उभ्या, आडव्या, तिरप्या पट्ट्या. वरचा मजला खालच्यापेक्षा हातभर पुढे आलेला. शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या चिमुकल्या काचांच्या खिडक्या, आणि माथ्यावर छपराची तीन टोकं. चारशे वर्षांपूर्वी, जुन्या एलिझाबेथ राणीच्या राज्यात, आमच्याकडचे खाऊनपिऊन सुखी लोक अशीच घरं बांधायचे. मधल्या टोकाखालच्या फळीवर ठळक आकडे कोरलेत, १५८७.

माझा जन्म १९२६ सालचा.

हसा, हसा. त्यात माझा काही दोष नव्हता. मला बांधलं हॅरल्ड पिनक नावाच्या किराणा व्यापाऱ्यानं. चहा, मुरंबे आणि लोणची विकून त्यांचं बरं चाललं होतं. पहिली मोठी लढाई संपून आठ वर्षं झाली होती. घराघरांतून तरणीताठी मुलं गेली होती, आणि लोकांना जुन्या काळाचं वेड लागलं होतं. नवं म्हटलं की त्यांचा जीव दचकायचा, जुनं दिसलं की निवायचा. पिनकसाहेबांना हे बरोबर कळलं. त्यांना दुकान नवं कोरं हवं होतं, पण ते नवं आहे हे कुणाला कळायला नको होतं.

म्हणून त्यांनी माझं अंग साध्या लाल विटांचं आणि लोखंडी तुळयांचं केलं, एखाद्या गोदामासारखं. तोंड मात्र ओक लाकडाचं. आणि त्या तोंडावर अंगापेक्षा जास्त खर्च केला. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, ते असं.

लाकडाचं सगळं काम एमस टॅप्ली या सुताराकडे होतं. मितभाषी माणूस. चर्चची जुनी छपरं दुरुस्त करता करता त्याचा हात तयार झालेला. त्यानं पहिल्या फळ्या रंधा मारून आरशासारख्या गुळगुळीत करून दिल्या. पिनकसाहेबांनी त्या पाहिल्या आणि कपाळाला हात लावला. एवढ्या सरळ फळ्या राणीच्या काळी कुठल्या, असं त्यांचं म्हणणं. मग एमसनं नव्या लाकडाला म्हातारं करायला घेतलं. वाकसानं कडा तासून वेड्यावाकड्या केल्या. लोखंडी साखळीनं फळ्या बडवल्या. चांगल्या लाकडावर हात उगारायचा म्हणजे पाप आहे, असं पुटपुटत बडवल्या. पण हातात घेतलेलं काम वाईट करणं त्याला जमतच नव्हतं, त्यामुळे तो खोटेपणाही मन लावून करायचा. जिना बांधून झाला तेव्हा पिनकसाहेब चढून-उतरून आले आणि म्हणाले, हा कुरकुरत का नाही? बिचाऱ्यानं चार पायऱ्या मुद्दाम सैल केल्या.

एमसची बायको वारलेली होती. त्याची सात वर्षांची मुलगी विनिफ्रेड शाळा सुटली की कामावर यायची. सगळे तिला विनी म्हणत. बापानं तिच्या हातात टोचायची अणकुचीदार आरी दिली आणि जुन्या लाकडाला कीड लागते तशी बारीक भोकं पाडायला बसवलं. विनीनं पहिली फळी शहाण्या मुलीसारखी रांगेत भोकं पाडून भरली. एमस ती बघून हसला. तो हसलेला मी तेवढाच पाहिला.

"कीड रांगेत चालत नाही, पोरी," तो म्हणाला. "भरकटत जा."

मग विनी भरकटली, जीभ बाहेर काढून, नाकाला भुसा लावून. चौदा महिने बापलेकींनी मला नटवलं.

आणि काय दिवस होते ते! वरच्या मजल्यावर चहाघर होतं. शनिवारी बाजाराला आलेल्या शेतकऱ्यांच्या बायका टोपल्या जिन्याखाली ठेवून वर येत. झालरीच्या टोप्या घातलेल्या मुली भाजलेल्या गोड पावावर लोणी घालून आणत. शिशाच्या खिडकीपाशी बसून किती जणांची लग्नं ठरली, सांगता यायचं नाही. परगावचे लोक रस्त्यात उभे राहून माना वर करत आणि म्हणत, काय जुनी आहे हो! ते ऐकून मी फुलून यायची. समोर एक खाणावळ आहे, लँब नावाची. ती खरोखरच राणीच्या काळची. पण कधीतरी विटांची टूम निघाली तेव्हा तिनं आपली लाकडं विटांखाली झाकून घेतली, म्हणून तिच्याकडे कुणी ढुंकून पाहत नसे. मला तिची दया यायची. बघा, किती चढून गेले होते मी.

माझ्या मागच्या बाजूला गल्ली होती. तिकडे माझ्या उघड्या विटा, पाण्याचे नळ, कचऱ्याचे डबे. तिकडून कुणी आलं की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. माझी मागची भिंत कुणाला दिसू नये, एवढंच मी मनात म्हणायची.

विनी मोठी झाली. तिनं माझ्या कोपऱ्यातला गाळा घेतला आणि लोकरीचं दुकान काढलं. लग्न केलं नाही. एमस गेला, तेव्हा एक दिवस दुकान बंद होतं, तेवढंच. दुसरी लढाई आली, स्टेशनाजवळ बाँब पडला, माझ्या अकरा काचा गेल्या. पिनकसाहेब गेले. मुलांनी मला विकलं. चहाघर बंद पडलं. गिलाव्याला ओल आली, लाकडाचा काळा रंग उडाला, आणि मी आपसूकच म्हातारी दिसायला लागले. ज्यांना माझं खरं वय ठाऊक होतं, ते एकेक करून चर्चच्या आवारात जाऊन निजले. उरलेल्यांनी फळीवरचा आकडा वाचला आणि खरा मानला.

त्यात गावात कथबर्ट ड्रे नावाचे निवृत्त मास्तर राहायला आले. त्यांनी गावाच्या इतिहासाचं मंडळ काढलं. दर रविवारी ते पाहुण्यांना माझ्यासमोर उभं करायचे, काठीनं विनीची भोकं दाखवायचे आणि म्हणायचे, चारशे वर्षांची कीड आहे ही! आत गल्ल्यावर बसलेली विनी सुया थांबवून ऐकायची आणि पुन्हा विणायला लागायची. मास्तर माणूस भला, त्याचा आनंद कशाला मोडा, असं तिला वाटत असावं.

मग १९८१ साल उजाडलं. एका कंपनीनं आमची सगळी ओळ विकत घेतली. ती पाडून तिथे काचेच्या भिंतींचा मोठा बाजार उभारायचा होता. ड्रे मास्तर खवळले. राणीच्या काळची इमारत पाडता येणार नाही, असा त्यांनी अर्ज केला. गावाच्या पंचांची सभा मास्तरांनी मुद्दाम माझ्याच वरच्या मजल्यावर बोलावली. पंच चढू लागले, पायऱ्या कुरकुरल्या, आणि अध्यक्षांनी आदरानं मान डोलावली.

आदल्या दिवशी मास्तर विनीच्या दुकानात आले होते. इमारतीत सगळ्यांत जुन्या तुम्हीच, दोन शब्द बोला, असं त्यांनी विनवलं. विनीनं सुया खाली ठेवल्या आणि त्यांना खरं काय ते सांगून टाकलं. मास्तर मटकन खुर्चीत बसले. मग हळू आवाजात म्हणाले, "टॅप्लीबाई, खोटं बोला असं मी म्हणणार नाही. पण नुसतं गप्प बसलात, तर ही वाचेल. तुमचं दुकानही वाचेल."

विनीनं सुया उचलल्या आणि पुन्हा विणायला घेतलं. आणि मी? मित्रांनो, मी देवाची करुणा भाकत होते की ही बाई गप्प बसू दे. मला जगायचं होतं. राणीच्या नावावर तर राणीच्या नावावर.

सभेत मास्तर बोलायला उभे राहिले, पण त्यांचा आवाज नेहमीसारखा लागेना. अध्यक्षांनी विनीकडे वळून विचारलं, तुमचे वडीलही इथलेच ना? ते काय सांगायचे? विनी उठली. बासष्ट वर्षांची, अंगावर स्वतः विणलेला राखाडी स्वेटर.

"मास्तर तुम्हाला जी कीड दाखवतात ना," ती म्हणाली, "ती कीड म्हणजे मी."

मग तिनं सगळं सांगितलं. साखळी, वाकस, आरी, सैल केलेल्या पायऱ्या. कंपनीचा माणूस कागद गोळा करू लागला. अध्यक्ष म्हणाले, म्हणजे ही नकली आहे तर.

"नकली कुणाची?" विनीचा आवाज चढला. "तुम्ही ज्या राणीच्या सुताराला मान देताय, त्यानं यातली एक फळी उचललेली नाही. माझ्या बापानं उचलल्या. जन्मभर लोकांची मोडकी छपरं नीट केली त्यानं. त्याचं स्वतःचं म्हणावं असं एवढंच काम, आणि मी गप्प बसले तर तेही दुसऱ्याच्या नावावर जाणार. पाडायची तर पाडा साहेब. पण एमस टॅप्लीची म्हणून पाडा."

ती खाली बसली. मला तिचा राग आला. साफ सांगते, फार राग आला. बापाच्या नावापायी हिनं माझ्या मुळावर घाव घातला, असंच मला वाटलं.

पण आमच्या लोकांना तडजोडीसारखं दुसरं काही आवडत नाही. तीन आठवड्यांनी निकाल लागला. दर्शनी भाग गावच्या सुताराचं अव्वल काम म्हणून राखावा, कंपनीनं मागचं सगळं पाडून तिथे हवं ते बांधावं. कंपनीही खूश झाली. बाजाराला आयतं देखणं तोंड मिळालं. मास्तरांनी आपल्या माहितीच्या कागदांवरून राणी खोडली आणि एमसचं नाव लिहिलं, स्वतःच्या हातानं, एकेका कागदावर. विनीचं दुकान मात्र मागच्या भागात गेलं. तिनं उरलेली लोकर चर्चमधल्या बायकांना वाटून टाकली. कुणी हळहळलं की म्हणायची, माझं काम झालं.

पुढच्या वसंतात मला पाडलं. म्हणजे माझं तोंड लोखंडी खांबांना बांधून उभं ठेवलं आणि पाठ पाडली. जिना गेला, चहाघर गेलं, तुळया गेल्या. आणि त्या लाल विटा गेल्या, ज्यांची मला पंचावन्न वर्षं लाज वाटली. नऊ दिवस त्या पडत होत्या. तेव्हा मला कळलं की फळ्यांनी मला कधी उचललंच नव्हतं. त्या नुसत्या खिळ्यांनी अडकवल्या होत्या. थंडीवाऱ्यात, बाँबच्या हादऱ्यात मला सांभाळलं ते मागच्या विटांनी. नंतर काही महिने माझ्या खिडक्यांतून पलीकडचं नुसतं आभाळ दिसायचं. रस्त्यातून जाणारे अजूनही म्हणायचे, काय सुंदर आहे हो!

आता माझ्यामागे काचेचा बाजार आहे. दर पाच वर्षांनी मला रंग देतात. शाळेची मुलं आली की माहितीच्या कागदावर एमस टॅप्लीचं नाव वाचतात. विनी गेली त्यालाही बरीच वर्षं झाली. तिच्यावरचा माझा राग केव्हाच विरला. तिनं मला जे दिलं, ते चारशे वर्षांपेक्षा मोठं होतं. मला माझा माणूस मिळाला.

पण मित्रांनो, एक गोष्ट मला अजून टोचते. एमससाठी त्याची लेक उभी राहिली. त्या विटा रचणारा गवंडीही कुणीतरी होता. चौदा महिने रोज यायचा, माझ्या मागच्या गल्लीत बसून भाकरतुकडा खायचा. त्याच्यासाठी त्या दिवशी कुणीच उठलं नाही. त्याचं नाव मला माहीत नाही. तो माझ्या इतक्या जवळ होता, आणि मी सारा वेळ रस्त्याकडे तोंड करून उभी होते.

तुमच्या घराची मागची भिंत कुणी बांधली, ते विचारून ठेवा. सांगणारं माणूस आहे तोवर विचारा.