टोपी नसलेली बेरिल

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या ट्रेवली बीचवर लाकूड कुठलं आणि मगर कुठली हे सांगायचं काम पंधरा वर्षं नेव्ह पास्कोकडे होतं. ते त्याला कुणी दिलं नव्हतं, त्याने आपण होऊन अंगावर घेतलं होतं. साखर कारखान्याची उसाची आगगाडी चालवून निवृत्त झाल्यावर त्याने किनाऱ्यावर खुर्च्या-छत्र्या भाड्याने द्यायची टपरी टाकली. टपरीतून उजवीकडे मान वळवली की खाडीचं तोंड दिसे आणि तिथे बेरिल पहुडलेली असे.

बेरिल म्हणजे झाडाचं एक खोड. कुठल्याशा पुरात वाहत आलं आणि वाळूच्या दांड्यावर रुतून बसलं. भरतीच्या वेळी त्याचे दोन टेंगळं आलेले उंचवटे तेवढे पाण्यावर राहत. दक्षिणेकडच्या थंडीतून पळून आलेला प्रत्येक पाहुणा ते पाहून धापा टाकत टपरीवर येई. नेव्ह कॉफी ढवळत, मान वर न करता म्हणे, "घाबरू नका, लाकूड आहे." मग पाहुणे हसत, फोटो काढत आणि दोन खुर्च्या जास्त घेत. गावाने त्या लाकडाचं बारसं केलं, नाताळात त्याला लाल टोपी घातली आणि जुलैत रग्बीचे सामने आले की क्वीन्सलँडच्या संघाची मरून रंगाची लोकरी टोपी चढवली. तिथे खऱ्या मगरी नाहीत असं नव्हतं. खाडीजवळ पिवळी पाटी होती, तिच्यावर उघड्या जबड्याचं चित्र होतं. पण पाटी पाहुण्यांसाठी असते, असं गावातल्या माणसांचं पक्कं मत. स्वतःच्या दारावरची पाटी कोण वाचतो?

नेव्हची बायको ग्लेंडा त्या पाटीपासून शंभर पावलांवर, सुरूच्या झाडापाशी, रोज सकाळी साडेआठला पाण्यात उतरायची. गुडघा बदलल्यापासून डॉक्टरांनी पोहायला सांगितलं होतं. सोबत आणखी तिघी. तिथल्या जून-जुलैच्या हिवाळ्यात विषारी जेलीफिशची भीती नसते, ती अडवणारी जाळी काढलेली असते, समुद्र तळ्यासारखा निवांत. जीवरक्षक पोरं साडेनऊला येत, तोवर किनारा या बायकांचा.

जुलैतल्या त्या बुधवारी आठ वाजता एक बाई टपरीवर आली. पन्नाशीची, उन्हाने नाक सोललेलं, पायात मोजे आणि वर सँडल. म्हणजे दक्षिणेच्या थंड टास्मानिया बेटाची, नेव्हने मनाशी ठरवलं, आणि ती होबार्टचीच निघाली. नाव इमोजेन.

"तिकडे मगर आहे," ती म्हणाली.

"घाबरू नका, बाईसाहेब, लाकूड आहे."

"ते सगळे सांगतात. म्हणूनच मी वीस मिनिटं बघत उभी होते."

"वीस मिनिटं! मग तर लाकूडच. मगर एवढा वेळ पोझ देत नाही." आपल्याच विनोदावर नेव्ह हसला. "तिचं नाव बेरिल. डोक्यावर मरून टोपी आहे बघा. मगर आमच्या संघाची टोपी घालेल का? ती तर विरुद्ध संघाची, न्यू साउथ वेल्सवाल्यांची!"

बाई हसली नाही. "टोपी नाहीये," ती म्हणाली.

नेव्हने मान वळवली. दोनशे पावलांवर, चकाकणाऱ्या पाण्यात, काळपट उंचवटा होता. जिथे असायचा तिथेच. जरा उजवीकडे वाटला खरा, पण भरती पूर्ण होती आणि ऊन डोळ्यांवर येत होतं. टोपी मात्र नव्हती.

"वाऱ्याने गेली असेल," तो म्हणाला.

"काल वारा कुठे होता?"

वारा नव्हता खरा. काल दिवसभर एक पान हललं नव्हतं. पण पंधरा वर्षांचं बोलणं जिभेवर इतकं बसलेलं असतं की ते डोक्याला विचारत नाही. "पोरांनी काढली असेल," तो म्हणाला. "कॉफी देऊ?"

तिला कॉफी नको होती. ती वाळूतून परत खाडीच्या बाजूला निघून गेली. नेव्हने खुर्च्या मांडल्या, पण लक्ष लागेना. टोपी त्याने स्वतः घातली होती, तीही दोरीने घट्ट बांधून. गाठ रेल्वेची होती. ती सुटत नसते, सोडवावी लागते.

साडेआठला बाई परत आली. "ते हललं," ती म्हणाली.

"पाणी हलतं, बाईसाहेब. लाकूड जागच्या जागी असतं, पाणी हललं की आपल्याला वाटतं—"

"मी भूगोल शिकवते," ती म्हणाली. "पाणी कसं हलतं ते मला माहीत आहे. ते प्रवाहाच्या उलट गेलं."

आता मात्र नेव्हच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. चार दिवसांसाठी आलेली ही बाई त्याला त्याचंच लाकूड शिकवणार? "हे बघा," तो म्हणाला, "मी इथे जन्मलो. तुम्ही परवा आलात. बरोबर?"

"परवा नाही. काल," बाई म्हणाली आणि त्याच्याकडे अशा नजरेने पाहत राहिली, जशी शिक्षिका हुशार पण आळशी मुलाकडे पाहते. मग ती निघून गेली. पाय आपटत नाही, घाईघाईने. सुरूच्या झाडाच्या दिशेने.

तेवढ्यात जिनो कावालारो आपली गाडी घेऊन आला. हा उसाच्या शेतीतला, नेव्हचा चाळीस वर्षांचा दोस्त आणि समुद्र क्लबाचा अध्यक्ष. क्लब म्हणजे रस्त्यापलीकडची ती बैठी इमारत, जिथे संध्याकाळी गाव बिअर पितं आणि मांसाच्या सोडतीत पोर्कचा ट्रे जिंकतं.

"काय रे, तोंड का पाडलंस?" जिनो म्हणाला.

"एक टास्मानियाची बाई डोकं खातेय. बेरिलला मगर म्हणते. मी म्हटलं, तिथे बेरिल आहे, पंधरा वर्षं आहे, मी बघतोय ना माझ्या डोळ्यांनी."

जिनोचा कॉफीचा कप ओठापर्यंत जाता जाता थांबला. "तुला बेरिल दिसली? आज?"

"मग? टोपी तेवढी गेलीय."

जिनोने नेव्हकडे पाहिलं, मग समुद्राकडे पाहिलं, मग परत नेव्हकडे. त्याच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं की नेव्हला कळेना, हा हसतोय की घाबरलाय. "लेका," तो म्हणाला, "तू नाटकी आहेस एक नंबरचा."

"कसलं नाटक?"

"कुणी फोडलं? ग्लेंडाने?"

"काय फोडलं?"

"वा वा! 'काय फोडलं' म्हणे!" जिनोने कप टेबलावर आपटला. "मी आठवडाभर घसा कोरडा करून सगळ्यांना सांगत होतो, तोंड बंद ठेवा, नेव्हला कळता कामा नये. आणि हा इथे बसून माझी फिरकी घेतोय, म्हणे बेरिल दिसली! चल, आता लपवण्यात काय अर्थ. चल माझ्याबरोबर."

नेव्हला काहीच उमजेना. आपल्यापासून काय लपवलंय? ग्लेंडाला काय माहीत आहे? हे लोक एवढे खुसखुसत का होते आठवडाभर? परवा दुकानात तो शिरताच सगळे गप्प झाले होते, तेव्हा त्याला वाटलं होतं, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेतून ग्लेंडाचं काही वाईट निघालं. तेव्हापासून रात्रीचं जेवण गोड लागलं नव्हतं. तो जिनोच्या मागे रस्ता ओलांडून क्लबाच्या मागच्या अंगणात गेला.

तिथे जिनोच्या ट्रॅक्टरची ट्रॉली होती आणि ट्रॉलीवर निळी ताडपत्री. जिनोने ती एका झटक्यात ओढली.

बेरिल होती. पुरती वाळलेली, धुतलेली, वार्निश केलेली. टेंगळं तीच, मधली फट तीच, आणि डोक्यावर मरून टोपी, रेल्वेच्या गाठीसकट.

"काल दुपारी तू दंतवैद्याकडे गेला होतास ना, तेव्हा ओढून काढली," जिनो म्हणाला. "तू विचारलंस तर भरतीत वाहून गेली म्हणायचं ठरलं होतं. शनिवारी क्लबासमोर बसवणार. तुझ्या सत्तराव्या वाढदिवसाला. दोर बांधायला ग्लेंडासुद्धा आली होती. खालची पट्टी वाच."

लाकडाला पितळेची पट्टी ठोकली होती. नेव्हने ती वाचली.

'घाबरू नका, लाकूड आहे. — नेव्ह पास्को'

नेव्ह तिथेच उभा राहिला. डोक्यात काही जुळेना. बेरिल इथे आहे. बेरिल तिथे आहे, आत्ता थोड्या वेळापूर्वी त्याने तिला बघितलं. एक बेरिल वाळलेली आणि एक ओली? एक टोपीवाली आणि एक बिनटोपीची? क्षणभर त्याला खरंच वाटलं की लाकडं दोन आहेत आणि आपण एवढी वर्षं एकच मोजत आलो. माणूस आपण चुकतोय हे मान्य करण्याआधी जग चुकतंय असं मानायला किती पटकन तयार होतो!

"जिनो," तो म्हणाला, "काल काढलीस?"

"हो."

"सगळी? मागे काही राहिलं नाही? बुंधा, मुळं?"

"वाळूत खड्डा राहिला फक्त. का रे?" आणि मग जिनोच्या तोंडचा रंग उडाला, कारण तेव्हा त्यालाही समजलं की नेव्ह फिरकी घेत नव्हता. "तू... तू खरंच काही पाहिलंस?"

क्लबाच्या भिंतीवर घड्याळ होतं. आठ चाळीस.

नेव्हच्या पायाखालची वाळू सरकली, आणि किनाऱ्यावरच्या माणसालाच कळतो त्याचा अर्थ. तो धावला. सत्तरीचा माणूस जसा धावतो तसा, एक चप्पल रस्त्यात सोडून. सुरूचं झाड दिसत होतं, पण झाडाखाली फक्त टॉवेल होते, चार, घड्या घालून ठेवलेले. माणसं नव्हती.

"ग्लेंडा!" तो ओरडला. त्याला फक्त एकच गोष्ट आठवत होती, की सकाळी ती दारातून निघताना त्याने मान वर करून पाहिलंसुद्धा नव्हतं. बातम्या वाचत होता. "ग्लेंडा!"

मग झाडाच्या पलीकडे, वाळूच्या उंचवट्यामागे, त्याला बायका दिसल्या. चौघी. वाळूवर. तिघी नुसत्या उभ्या होत्या, आणि ग्लेंडा खाली बसली होती, नवा गुडघा पसरून, नखशिखांत भिजलेली. तिच्या बाजूला ती होबार्टची बाई. तीही भिजलेली, गळ्यापर्यंत, मोज्या-सँडलांसकट. दोघींनी एकमेकींचे हात अजून सोडले नव्हते.

नेव्ह ग्लेंडाजवळ वाळूत कोसळला. तिचे पाय चाचपले, हात चाचपले. "अरे, आहे मी, आहे," ग्लेंडा म्हणाली. "हिने ओढून आणलं मला. मी पुढे होते, ह्या तिघींच्या पुढे. ही किनाऱ्यावरून ओरडत होती. मी म्हटलं, असेल कुणी वेडी पाहुणी. मग ही सरळ आतच आली."

"ते कुठे आहे?" जिनोने मागून धापा टाकत विचारलं.

सगळ्यांनी पाण्याकडे पाहिलं. पाणी सपाट होतं. खाडीच्या तोंडाशी काळपट असं काही नव्हतं, डावीकडे नव्हतं, उजवीकडे नव्हतं. दिसत होतं तोवर निदान कुठे आहे ते तरी माहीत होतं.

ग्लेंडाने नेव्हकडे पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं. "ही सांगते, की तू हिला सांगितलंस ते लाकूड आहे म्हणून," ती म्हणाली. "नेव्ह, अरे, बेरिलला दोर मी बांधला काल, माझ्या हातांनी. तुला काय दिसलं तिथे?"

"बेरिल," नेव्ह म्हणाला. खोटं कशाला बोलायचं? त्याला तीच दिसली होती.

मग तो इमोजेनकडे वळला. तिचे दात वाजत होते. इथल्या हिवाळ्यात कुणाला थंडी वाजत नाही, होबार्टच्या माणसाला तर नाहीच. नेव्हला विचारायचं होतं ते एकदम साधं होतं. "तुम्हाला तर पक्कं माहीत होतं, की ती मगर आहे," तो म्हणाला. "मग पाण्यात कशा गेलात?"

बाईला हा प्रश्नच विचित्र वाटला. "त्यांना माहीत नव्हतं ना," ती म्हणाली.

अर्ध्या तासात वनखात्याची गाडी आली. दोन रेंजर उतरले, एकाने किनाऱ्यावर पट्टी ताणायला घेतली, दुसरी, जाड वेणीची एक तरुण मुलगी, वही काढून नेव्हजवळ आली. गावात कुणीतरी सांगितलंच असणार, की मगरीचं काही असेल तर त्या टपरीवाल्या म्हाताऱ्याला विचारा, त्याला इथलं पाणी तोंडपाठ आहे.

"काका, नक्की कुठे पाहिलीत तुम्ही मगर?" तिने विचारलं. "अंदाजे किती मोठी होती?"

नेव्हने खाडीकडे पाहिलं. जिनो मागे उभा होता, ग्लेंडा टॉवेलात गुंडाळलेली, सगळे त्याच्याच तोंडाकडे बघत होते, जसे पंधरा वर्षं बघत आले होते. त्याने हातातली उरलेली एक चप्पल वाळूत ठेवली.

"मी मगर पाहिली नाही," तो म्हणाला. "मी लाकूड पाहिलं. मगर या बाईंनी पाहिली. यांना विचारा."