पट्टीचं पाणी

ओल्या पट्टीतून गळालेला थेंब तान्ह्या बाळाच्या कपाळावरून सरळ खाली येत नाही. भुवईपाशी अडतो, जरा फुगतो आणि मग कानाकडे वळतो. प्रेमिलानं हे नीट पाहिलं होतं. उषा तापानं फणफणली होती, डॉक्टर यायचे होते, आणि प्रेमिलाची आई शोभाताई नातीच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होत्या. मध्येच शोभाताईंनी पट्टी पिळली, पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याचं नाव घेतलं आणि पट्टी परत ठेवली. मायलेकी आणि बाळ, खोलीत आणखी कोणी नव्हतं.

उषा वाचली. आता ती सहा वर्षांची झाली, पण तिचा बाप्तिस्मा झाला की नाही, हे ठरत नव्हतं.

पूर्वी ही अडचण नव्हती. शोभाताईंच्या चर्चमध्ये तान्ह्या बाळावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा देत. सासूबाई कुसुमताईंच्या चर्चमध्ये माणूस मोठा होऊन स्वतः विश्वास कबूल करी आणि मगच बाप्तिस्म्यासाठी पाण्यात उतरे. नाताळात दोघी विहिणी एकमेकींकडे करंज्यांचे डबे धाडत. मग सत्तर साली नागपुरातच बऱ्याच ख्रिस्ती मंडळ्या एक झाल्या. दोन्ही रीती चालतील असं ठरलं. मात्र एका माणसाचा बाप्तिस्मा दोनदा नाही. म्हणजे तापातली ती पट्टी बाप्तिस्मा ठरली, तर उषाला मोठेपणी पाण्यात उतरता येणार नव्हतं. तेव्हापासून दोघी सदर भागातल्या एकाच चर्चमध्ये वेगवेगळ्या बाकांवर बसत. डबे बंद झाले.

एकत्र आल्यावर माणसं लांब कशी गेली, हे प्रेमिलाला उलगडत नव्हतं. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवताना शंका आली की ती प्रयोग पुन्हा करून बघे. इथं पुन्हा करायलाच बंदी होती.

आज चर्चचे पाळक मारोतराव घरीच आले होते.

"विहीणबाई, तापाची पट्टी होती ते," उषाची वेणी घालता घालता कुसुमताई म्हणाल्या. "तसं असन तं कंपाउंडरनं अर्ध्या नागपूरले बाप्तिस्मा देला."

"कंपाउंडर देवाचं नाव घेते का?" शोभाताई म्हणाल्या. "पोरगी हातातून जाऊन राहिली होती. पाळकाची वाट पाहत बसू का?"

"अन् उद्या तिले स्वतःहून पाण्यात उतरावं वाटलं तं? तिचं बोलणं तुम्हीच बोलून टाकलं."

दोघींचंही प्रेमिलाला पटत होतं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

"मले काहून पाहतं?" रवींद्र म्हणाला. "मी डॉक्टरले आणाले गेलो होतो."

"पाणी होतं, नावंही घेतली," मारोतराव म्हणाले. "पण नुसता ताप उतरवायचा होता, की लेकरू देवाच्या हाती द्यायचं होतं? तिथं साक्षीला तुम्हीच होता, प्रेमिलाबाई. तीन वर्षं 'सांगते' म्हणताय."

ते पाणी तापाचं की बाप्तिस्म्याचं, हे तिला सांगता येत नव्हतं. आईच्या मनातलंही नाही. पण ती नावं ऐकल्यावर तिच्या स्वतःच्या तोंडून 'आमेन' निघालं होतं. भीतीनं की विश्वासानं, कोण जाणे. निघालं होतं, एवढं खरं.

कुसुमताईंचा हात वेणीवर थांबला होता.

"आई," प्रेमिला सासूबाईंना म्हणाली, "उषाचा बाप्तिस्मा झाला आहे. मी आमेन म्हटलं होतं."