मेलेली माणसे सरकत नाहीत

मित्रांनो, मी एक जुना खडक आहे, नदीकाठचा. खरे सांगायचे तर मी खोक्यांच्या फळ्यांचा, आतून पोकळ, चार आखूड पायांचा एक चौथरा आहे. पण जन्मभर लोक मला खडक समजून माझ्याकडे बघत रडले, त्यामुळे मीही स्वतःला खडकच समजत आलो. माणसे याहून कमी पुराव्यावर स्वतःला काय काय समजतात, ते मी नाटक कंपनीत राहून पाहिले आहे.

माझा जन्म एका फिरत्या नाटक कंपनीच्या सुताराच्या हातून झाला.

"तीन माणसं मरायची आहेत यावर," मालकांनी त्याला सांगितले. "खडक चांगला ऐसपैस कर."

"लाकूड दोघांपुरतंच आहे," सुतार म्हणाला.

"मग तिसरा कुठं मरेल?"

"सांभाळून मरेल. मरणाऱ्याला कशाला हवी ऐसपैस जागा?"

मालकांना ते पटले. मग मला राखाडी रंग दिला, वर शेवाळाचे हिरवे फटकारे मारले. रंग वाळायच्या आत एक मांजर माझ्यावरून चालत गेले. त्याची पावले जवळून पाहिली तर अजून दिसतात. एक फळी मात्र कमी पडली ती पडलीच. मित्रांनो, त्या न बसवलेल्या फळीनेच पुढे सगळा घोळ घातला, म्हणून तिच्याबद्दल आधीच सांगून ठेवतो.

आमचे नाटक फार जुने आणि फार दुःखाचे. राजपुत्र नदीवर नावाड्याच्या मुलीला बघतो आणि एका नजरेत तिच्यावर भाळतो. दोघे नदीकाठच्या खडकावर मरणार, असे ज्योतिषाने पहिल्याच अंकात सांगितलेले असते. तरी दोघे भेटायला तोच खडक निवडतात! शेवटच्या अंकात राजपुत्राचा नोकर जखमी होऊन धावत येतो, उलटलेली नाव पाहिली, मुलगी बुडाली असे सांगतो आणि मरतो. राजपुत्र विष पितो. मग मुलगी चिंब भिजून पण धडधाकट अशी येते, आणि उरलेले विष पिते. नोकराने जरा दम खाऊन नदीकडे पुन्हा एकदा पाहिले असते, तर सगळे वेळेवर घरी जाऊन जेवले असते. पण लोक याला दैव म्हणत आणि डोळे पुसत.

त्यानंतर राजा येऊन विलाप करी. राजा म्हणजे आमचे मालक. सुरुवातीला हा विलाप चहा निवेपर्यंत संपायचा. पण टाळ्या कुणाला आवडत नाहीत? मालक दर मुक्कामाला त्यात भर घालू लागले. आधी ते फक्त मुलाला हाक मारत. मग वाऱ्याला मारू लागले, मग नदीला, आणि शेवटी नदीतल्या माशांनाही त्यांनी शोकात सामील करून घेतले. तोपर्यंत माझ्यावरच्या तिघांनी मेलेलेच राहायचे. नाक खाजो, मुंगी चावो, हलायचे नाही.

त्या तिघांची ओळख करून देतो. राजपुत्र व्हायचा तो कुरळ्या. केस असे की बायकांनी हेवा करावा, आणि त्या केसांवर सगळ्यात जास्त प्रेम त्याचे स्वतःचे. नावाड्याची मुलगी म्हणजे मालकांची भाची. ती मामांच्या कंपनीतच लहानाची मोठी झाली होती. आणि नोकर व्हायचा त्याला सगळे मुडद्या म्हणत, कारण रंगभूमीवर त्याचा जिवंतपणी फारसा उपयोग नव्हता. धावत यायचे, चार वाक्ये बोलायची, मरायचे. बाकीचा वेळ तो इस्त्री करी.

भाचीचा जीव कुरळ्यावर जडला होता. प्रयोगाआधी माझ्यावर बसून ती त्याला आरशात भांग पाडताना बघत राही, आणि तिच्या सुस्काऱ्यांनी माझ्या फळ्या गरम होत. तो आरशातून तिच्याकडे बघून हसला की ही पाणी पाणी. तो आरशाकडेच बघून हसायचा, हे मला दिसत होते. पण दगड बोलत नाहीत.

आता फळीचे ऐका. नोकर आधी मरायचा, तो माझ्या एका कडेला पडे. मग कुरळ्या तीन गिरक्या घेऊन, बट कपाळावर येईल अशा बेताने, मधोमध हातपाय पसरून कोसळे. शेवटी भाचीने मरायचे ते या दोघांच्या मधल्या फटीत. तिथे धड मांजर मावले नसते. मग मुडद्या काय करी, तर तिची पावले ऐकू आली की मेल्यामेल्याच बोटभर बोटभर कडेला सरके. तिने अंग टाकेपर्यंत त्याचा अर्धा देह हवेत असायचा आणि एक टाच खाली टेकवून तो तोल धरायचा. विलाप संपेपर्यंत!

हे एकदा मालकांच्या नजरेस पडले. प्रयोगानंतर ते कडाडले, "मुडद्या, मेलेली माणसं सरकत नाहीत!"

"नाही मालक," मुडद्या म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सरकला.

विलाप चालू असताना माझ्यावर काय काय कुजबुज होई! कुरळ्याचे एकच वाक्य ठरलेले असे, "हात चेपू नकोस." भाचीला त्यातही प्रेम दिसायचे. तिच्या पायाला पेटका आला की दुसरीकडून अगदी हळू आवाज येई, "अंगठा वर ओढ. सुटेल."

"गप. तू मेलायस," ती ओठ न हलवता म्हणे. पण अंगठा ओढी आणि पेटका सुटे.

"आता मासे आले," तो सांगे. "थोडंच राहिलं."

मग तिला हसू फुटे. मेलेल्या मुलीचे पोट गदगदा हलताना पाहून पुढच्या रांगेतल्या बायका म्हणत, बिचारीची धुगधुगी अजून आहे ग! मित्रांनो, काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो याहून वेगळा नसतो. मला तर तिचा रागच यायचा. मुडद्याचाही यायचा. एवढा जीव लावायचा आणि तोंडातून ब्र काढायचा नाही, हा कुठला शहाणपणा?

अशात एका मोठ्या कंपनीने कुरळ्याला बोलावणे धाडले. त्याने भाचीला सांगितले, "तूही चल. शेवटचा प्रयोग झाला की संध्याकाळची गाडी. तिथं आपण लग्न करू. माझे पोशाख सांभाळायलाही कुणी तरी लागेलच." शेवटचे वाक्य तिने ऐकलेच नसावे. तिने गुपचूप कपड्यांची पिशवी भरली आणि माझ्या मागच्या झडपेतून आत ढकलून ठेवली. मामांना कळले असते तर आकाशपाताळ एक झाले असते. माझ्या पोकळ पोटाला ती पिशवी फार जड झाली.

शेवटचा प्रयोग दुपारचा होता. नाट्यगृह भरगच्च. तिघे मेले. मालक आले आणि असे काही रंगले की विचारू नका.

"मग? येतेस ना?" कुरळ्याने मेल्यामेल्या विचारले.

"हो," भाची म्हणाली.

माझ्या कडेची टाच निसटली आणि पुन्हा टेकली. मुडद्याने सगळे ऐकले होते. तो फक्त म्हणाला, "मासे आले." या वेळी भाचीला हसू आले नाही. का आले नाही, हे तिचे तिलाही कळले नसावे.

तेवढ्यात मालकांनी माशांना साद घालताना राजदंड असा फिरवला की तो मागच्या डोंगराच्या टेकूला लागला. आमचा डोंगर म्हणजे लाकडी चौकटीवर ताणलेले कापड. टेकू निसटला आणि डोंगर हळूहळू आमच्यावर वाकू लागला.

भाची प्रामाणिकपणे डोळे मिटून मेलेली होती, तिला काही दिसले नाही. कुरळ्या मात्र किती लोक रडताहेत ते बघायला नेहमी एक डोळा किलकिला ठेवी. त्याने डोंगर पाहिला आणि त्याची पाचावर धारण बसली. दोन्ही हातांनी केस झाकून राजपुत्र उठला आणि त्याने विंगेकडे धूम ठोकली.

मुडद्या पळाला नाही. त्याने डोळेही उघडले नाहीत म्हणा ना! चौकटीची करकर ऐकून तो मेलेल्या अवस्थेतच एक कूस वळला, भाचीवर पालथा झाला, आणि डोंगर धाडकन त्याच्या पाठीवर आला.

पुढच्या रांगेतल्या बायका उठून उभ्या राहिल्या. पण मालक पक्के मुरलेले नट. त्यांनी विंगेकडे राजदंड रोखला.

"पाहा हो पाहा! माझ्या पुत्राचा आत्मा स्वर्गाकडे निघाला!"

मग आमच्याकडे वळले आणि खरेच गहिवरले.

"आणि हा नोकर! मेल्यावरही सेवा सोडत नाही!"

टाळ्यांनी छप्पर उडायचे बाकी राहिले. त्या गदारोळात डोंगराखालून भाचीची कुजबुज मी ऐकली. तिचा आवाज रडवेला झाला होता.

"लागलं का रे?"

"गप," मुडद्या म्हणाला. "तू मेलीस."

पडदा पडला. कुरळ्या लगबगीने आला. "मला पळताना कुणी बघितलं का?"

"सगळ्यांनी," सुतार म्हणाला.

"आत्मा म्हणून बरा दिसलो ना?"

भाची माझ्यामागे आली, झडप उघडून तिने पिशवी बाहेर काढली. तिने एकेक कपडा काढून परत खुंटीला अडकवला.

"अग, गाडी सुटेल!" कुरळ्या ओरडला.

"तू जा," ती म्हणाली. "आत्म्याला सामान सांभाळणारं कुणी लागत नाही."

तो गेला. तो काही वाईट माणूस नव्हता. त्याच्याजवळ दुसऱ्याला द्यायला जागा नव्हती, इतकेच.

मुडद्या खांद्यावर गरम पाण्याची पिशवी धरून माझ्या कडेला बसला होता, सवयीने अर्धा बाहेर. भाची शेजारी येऊन बसली.

"रोज असा लटकून मरतोस. का?"

"जागा कमी होती."

"मग मला सांगायचं."

"मेलेला माणूस कसा सांगणार?"

"आता तर जिवंत आहेस!"

तो पार गोंधळला. पडद्याआडून मालक खेकसले, "अरे बोल की मुडद्या! माझा विलाप सुद्धा कधी तरी संपतो!"

तेव्हा तो बोलला. काय बोलला ते मी सांगणार नाही. रंगभूमीवरच्या चार वाक्यांपेक्षा कमीच होते, पण भाचीला पुरले.

पुढे मुडद्या राजपुत्र झाला. जिवंत असेपर्यंत त्याचे काही खरे नसे, पण मेला की अख्खे नाट्यगृह हुंदके देई. नोकराचे काम सुताराच्या गळ्यात पडले, आणि मला आखूड केल्याची फळे तो रोज अर्धा हवेत लटकून भोगू लागला. त्याने फळी वाढवून द्यायची तयारी दाखवली होती. भाचीने साफ नकार दिला.

मित्रांनो, कंपनी केव्हाच बंद झाली. मालक गेले तेव्हा सगळे रडले, पण त्यांच्यासारखा विलाप कुणालाच जमला नाही. मला ही दोघे आपल्या घरी घेऊन आली. आता मी त्यांच्या पडवीत असतो. कुणी माझ्यावर वर्तमानपत्रे टाकतो, कुणी ओला कप ठेवतो, नातवंडे उड्या मारतात. मला वाईट वाटते, पण दुपार झाली की सगळे विसरतो. जेवण झाले की आजोबा माझ्यावर आडवे होतात आणि आजी चष्मा काढून शेजारी येते. दोघेही आता चांगले गरगरीत झाले आहेत आणि मी आहे तेवढाच आहे.

"सरका तिकडं," आजी म्हणते.

"मेलेली माणसं सरकत नाहीत," आजोबा डोळे मिटून म्हणतात, आणि सरकतात.

म्हणून मुलांनो, तुमचा जीव कुणावर जडला, तर तो माणूस उभा कसा दिसतो ते जरूर बघा, पण शेजारी आडवा पडला की किती जागा घेतो तेही बघा. आणि एक विनंती. आजोबांची टाच टेकते त्या बाजूचा माझा पाय खिळखिळा झाला आहे. कुणी तरी तिथे एक खिळा मारा, नाही तर एखाद्या दुपारी दोघेही खाली येतील. मीच त्यांना सांगितले असते, पण दगड बोलत नाहीत.