उत्कर्षा डॉक्टरांचा नकार

आमच्या ह्यांना, म्हणजे हिंदुरावांना, रक्तदान शिबिराचं भारी वेड. लोणी काळभोरला कुणाची जयंती असो की वाढदिवस, मांडव घातल्याशिवाय ह्यांना चैन पडत नाही. डेंगीच्या दिवसांत तर बिबवेवाडीच्या आमच्या घरी फोन थांबत नाहीत. प्लेटलेट पाहिजेत, माणसं पाठवा. हे पाठवतात. त्याचा त्यांना अभिमान, आणि खोटं कशाला बोलू, मलाही.

त्यामुळे आमच्या तनुजाला ताप आला, अंगावर लाल ठिपके उठले आणि प्लेटलेट पार तळाला गेल्याचं कळलं, तेव्हा ह्यांनी सरळ फोनच काढला. एकुलती लेक आमची, हिंजवडीत नोकरीला. दुपारी हॉस्पिटलच्या आवारात लोणीची धडधाकट माणसं बाह्या सरसावून उभी.

आणि डॉक्टर म्हणाल्या, प्लेटलेट द्यायच्या नाहीत.

डॉक्टर उत्कर्षा. चण बारीक, आवाज त्याहून बारीक. त्यांनी सांगितलं की हा डेंगी नाही. रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर तांबड्या पेशी फुटलेल्या दिसतायत. गुठळ्या होऊ न देणारं एक द्रव्य रक्तात असतं, त्यावर तनुजाचंच शरीर उलटलंय. म्हणून बारीक नसांमध्ये गुठळ्या होतायत आणि प्लेटलेट तिथेच संपतायत. वरून आणखी दिल्या तर त्या गुठळ्यांनाच खाऊ घातल्यासारखं होईल. त्यापेक्षा मानेतल्या नळीवाटे रक्त यंत्रातून फिरवायचं, त्यातला पिवळा प्लाझ्मा काढायचा आणि दात्यांचा चांगला प्लाझ्मा भरायचा. तेही आजच्या आज.

ह्यांचा पारा चढला. "अख्ख्या पुण्याला मी प्लेटलेट पुरवतो, अन् माझ्याच पोरीला नाय?" आवाज अख्ख्या मजल्यावर. आमचे दीर गेनबाभाऊजी तर एक पाऊल पुढे. त्यांनी ओळखीच्या दवाखान्यात विचारून टाकलं, तिथले लगेच देतो म्हणाले, आणि भाऊजींनी अँब्युलन्सही बोलावली.

मी तनुजाजवळ होते. तिने माझ्याकडे पाहिलं आणि अगदी नम्रपणे विचारलं, "मॅडम, मीटिंग कधी सुरू होणार?"

स्वतःच्या आईला तिने ओळखलं नव्हतं. मी बाहेर येऊन डॉक्टरांना गाठलं आणि म्हटलं, "तुम्ही म्हणता ते कशावरून?"

बाई चिडल्या नाहीत. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. पूर्वी या आजारात दहातले नऊ दगावायचे, म्हणाल्या. मग डॉक्टरांनी रुग्णांचे दोन गट केले. एकाला नुसता प्लाझ्मा चढवला, दुसऱ्याचा यंत्राने बदलला. ज्यांचा बदलला, त्यांच्यातले जास्त जगले. आता दहातले आठ-नऊ घरी जातात. दुसऱ्याच आजारांसाठी हेच यंत्र लावून आमचं रक्त धुऊन द्या म्हणणारेही येतात, पण जिथे उपयोग होतो असा पुरावा नाही, तिथे त्या नाही म्हणतात.

"आणि उरलेले एक-दोन?"

"तनुजा त्यांच्यात नसेल, असं मी सांगू शकत नाही. थांबलो तर काय होईल, ते मात्र सांगू शकते."

अहो, आमच्या पुण्यात भाजीवालासुद्धा कलिंगड लालच निघेल म्हणून छातीठोक सांगतो. ही बाई माझ्या लेकीच्या जिवाबद्दल खोटा धीर देईना. म्हणूनच माझा तिच्यावर विश्वास बसला.

मी भाऊजींना अँब्युलन्स परत पाठवायला सांगितलं आणि यंत्र लावायच्या संमतीच्या कागदावर सही केली. हे म्हणाले, "पोरीला काय झालं तर तुझ्यावर." मी म्हटलं, "माझ्यावर."

यंत्र सुरू झालं. एका बाजूने गढूळ पिवळं बाहेर, दुसऱ्या बाजूने स्वच्छ आत. डॉक्टर पडद्यावरून नजर हलवत नव्हत्या. लोणीच्या माणसांना त्यांनी तसंच परत पाठवलं नाही, रक्तपेढीत नेलं, कारण तनुजाला रोज प्लाझ्मा लागणार होता आणि पेढीत भरपाई हवी होती. हे मात्र बाहेर बाकावर, माझ्याकडे पाठ करून. रोज यंत्र, रोज पाठ. मी दोन्ही सोसलं. रात्री माझ्याही मनात यायचं, चुकलं तर?

मग एका सकाळी तनुजा म्हणाली, "आई, केस विंचरून दे ना." मी भोकाड पसरलं. नर्स धावत आली, तिला वाटलं काहीतरी वाईट झालं. त्या दिवशी प्लेटलेटही वर चढल्या होत्या, आपल्या आपण.

हे डॉक्टरांकडे गेले. मान खाली. म्हणाले, "मी एवढा ओरडलो, तुम्ही घाबरला नाय?"

"घाबरले होते," डॉक्टर म्हणाल्या. "प्लेटलेटच्या दोन पिशव्या लावल्या असत्या तर तुम्ही सगळे शांत झाला असता. माझ्यासाठी तेच सगळ्यात सोपं होतं."

हे मग बाहेर आले, माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, "शैला, तू अँब्युलन्स परत पाठवली नसती तर..." एरवी मी अशी संधी सोडत नाही, चार टोमणे मारल्याशिवाय राहत नाही. त्या दिवशी मी नुसता त्यांचा हात धरून बसले.